वादळाआधी खाडीत बोटींच्या पक्क्या बांधणीची सोय करा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आपल्या आणि सगळ्याच वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरल्यासारखे येते : मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी तातडीने परतावे आणि नौका सुरक्षित ठिकाणी नांगरून ठेवाव्यात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. हवामान खात्याचा इशारा चार-पाच दिवस आधी मोबाइलवर पोचतो, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो, तटरक्षक दलाची जहाजे आणि विमाने बोटींना परत फिरायला सांगतात. तिसऱ्या गोष्टीकडे मात्र अजून कोणी वळलेले नाही. सुरक्षित ठिकाण म्हणजे कोणते? तिथे बोट कशाला बांधायची, कशाने बांधायची, आणि एकाच वेळी शे-दोनशे बोटी आल्या तर काय करायचे? हे पत्र त्याबद्दल आहे.

मी व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून लागलो आणि सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून, निवृत्त झालो. नांगर, साखळी आणि दोर यांत माझे आयुष्य गेले. आता दाभोळ खाडीच्या दक्षिण काठाला, गुहागर तालुक्यात घरी असतो. पुतण्याची ४५ फुटी मासेमारी बोट आहे, तिच्या बांधणीचे मी बघतो. वादळ येणार म्हटले की हर्णैच्या बोटी आमच्या खाडीत आसऱ्याला येतात. हर्णैचे बंदर उघड्यावर, त्यामुळे त्यांना दुसरा इलाज नसतो. त्या आल्या की मी जेटीवर जाऊन बसतो, दोर कसे बांधलेत ते पाहतो, जमेल तिथे सांगतो. जे पाहिले त्यावरूनच लिहीत आहे.

आधी वादळांच्या तारखा पाहा. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आले. क्यार २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. तौक्ते २०२१ च्या मे मध्यावर आपल्या किनाऱ्याला लागून वर गुजरातकडे गेले. आपल्याकडे मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत चालते. म्हणजे यातले प्रत्येक वादळ एक तर हंगाम भरात असताना आले, नाही तर बोटी किनाऱ्याला लागत असताना. अरबी समुद्राची वादळे येतातच मोसमी पावसाच्या अलीकडे आणि पलीकडे. पावसाळ्यात छोट्या होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवता येतात. पण मे किंवा नोव्हेंबरमध्ये बर्फ, जाळी, डिझेल भरलेली मोठी बोट चार-पाच दिवसांच्या सूचनेवर वर ओढता येत नाही. ती पाण्यातच राहणार, आणि पाण्यात राहणार तर तिला धरून ठेवणारे काही तरी तळाशी हवे.

आज तळाशी काय असते? बोटीचा स्वतःचा नांगर. आपल्याकडच्या बहुतेक बोटींवर चार नख्यांचा लोखंडी नांगर असतो. खडकात तो उत्तम अडकतो. आमच्या खाडीचा तळ मात्र गाळाचा आणि रेतीचा. तिथे हा नांगर शेत नांगरल्यासारखा गाळ उकरत मागे येतो. टंडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, हे ठाऊक असते. म्हणून खाडीत आल्यावर सहा-आठ बोटी कुशीला कूस लावून एकमेकींना बांधतात आणि दोन-तीन नांगर पुढे टाकतात. वारा हलका असला तर हे चालते. वादळात एक नांगर सुटला की ओढ उरलेल्यांवर येते, ते सुटतात, आणि आख्खा घोळका एकदम मागे निघतो. वाटेत दुसरा घोळका असतो. त्याचे दोर याच्या पंख्यात जातात. मग इंजिन चालू करूनही उपयोग नाही.

तौक्तेच्या वेळी हे डोळ्यांदेखत झाले. वादळ किनाऱ्याला समांतर, आपल्या पश्चिमेने वर सरकत होते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो, त्यामुळे असे वादळ दक्षिणेला असते तेव्हा आपल्याला वारा आग्नेयेचा लागतो, म्हणजे जमिनीवरून येणारा. वादळ आपल्या समोर आले की तोच वारा दक्षिणेचा होतो आणि ते वर सरकले की नैऋत्येचा. सुरुवातीच्या काही तासांत पूर्वेच्या डोंगराची आड मिळते, पाणी फारसे उठत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की बोटी झकास उभ्या आहेत. मग वारा फिरतो. आग्नेयेच्या ओढीला रुतलेला नांगर नैऋत्येच्या ओढीला उलटा होतो, उपसून निघतो आणि पुन्हा रुतायच्या आत बोट शंभर हात मागे गेलेली असते. निसर्गलाही आमच्याकडे वारा असाच फिरला. जागा निवडताना सुरुवातीचा वारा पाहून भागत नाही. शेवटचा वारा कुठून येणार ते पाहावे लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुधा नैऋत्येचा असतो.

सकाळी वारा पडल्यावर एका बोटीचा तुटलेला दोर मी हातात घेऊन पाहिला. टंडेल सांगत होता, ‘सारंगानू, दोर नारळी पौर्णिमेला नवा घेतलेला. अजून कडकपणा गेला नाय त्याचा.’ खरेच दोर नवा होता. तीन पेडी, नायलॉनचा, मनगटाएवढा जाड. दोन पेड सुरीने कापल्यासारखे सपाट तुटलेले. तिसरा ओढला जाऊन केसासारखा विरळ झालेला. आणि आतल्या तंतूंवर मोहरीएवढ्या कडक गाठी. त्या गाठी म्हणजे वितळून पुन्हा थिजलेले नायलॉन. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोर ज्या लोखंडी कडेवरून खाली जातो, तिथे त्यांनी दोराला घट्ट रबरी नळी चढवून वरून सुतळीने करकचून बांधली होती. विचार बरोबर होता, घासणीपासून दोर वाचावा म्हणून. पण नायलॉन ताणले आणि सैल सोडले की आतून तापते. रात्रभरात हजारो वेळा ते ताणले-सैलावले गेले. उघड्या दोरावर पाऊस आणि लाटांचे पाणी पडत राहते, त्याने तो थंड होतो. बंद नळीत पाणी शिरले नाही, उष्णता कोंडली आणि दोर आतून वितळत गेला. तिथे जाड कॅनव्हास किंवा अग्निशामक दलाच्या जुन्या कापडी होजचा तुकडा हवा होता. होजच्या आतला रबरी थर काढून टाकावा, कापड दोन्ही टोकांना सैल राहील असे गुंडाळावे आणि बोटीच्या बाजूला बांधावे, म्हणजे दोर आतून सरकतो, पण कापड जागेवर राहते. लोखंडी कड कानशीने घासून गोल करावी. खर्च काहीच नाही. एवढ्यासाठी ती बोट खडकावर गेली. माणसे वाचली, कारण सुदैवाने ती अलीकडच्या काठाला लागली.

देवगडच्या आनंदवाडी बंदरात त्याच वादळात एवढे सुदैव नव्हते. तिथे बोटी समुद्रात गेलेल्या नव्हत्या. इशारा पाळून बंदरात नांगरावर उभ्या होत्या. त्या बुडाल्या आणि त्यांच्यावरचे खलाशी गेले. फयानमध्ये माणसे गेली ती समुद्रात अडकली म्हणून. त्यानंतर आपण इशारा सुधारला. आनंदवाडीत माणसे गेली ती बंदरात. त्यानंतर आपण काय सुधारले, हा माझा प्रश्न आहे.

वादळात बांधलेल्या बोटीवर खलाशी कशाला राहतो? मालक निर्दयी असतो म्हणून नव्हे. वीस-पंचवीस लाखांची, बहुतेक वेळा कर्जाची बोट आणि तिचा नांगर धरेल याचा भरवसा नाही, म्हणून. रात्री नांगर घसरला तर इंजिन चालू करून पुढे दाबायला कोणी तरी हवे, दोर कमीजास्त करायला कोणी तरी हवे. म्हणून दोन-तीन पोरे वर ठेवतात. त्यातली पुष्कळ पोरे परगावची, नाही तर परराज्यातली असतात. आपल्या खाडीचा खडक कुठे, उथळ कुठे, त्यांना माहीत नसते. ‘बोटीवर कोणी थांबू नये’ असा हुकूम काढून हे थांबणार नाही. बांधणीवर भरवसा बसला तरच मालक म्हणेल, चला रे, घरी चला. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीसाठी आहे.

आता भरवसा कसा बसेल ते सांगतो. थोडा हिशेब येईल, पण तो बोटवाल्यांनी वाचावा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात जो दोर आणि जो नांगर आरामात धरतो, त्याच्यावर १२० च्या वाऱ्यात नऊपट ओढ येते. निसर्ग किनाऱ्यावर चढले तेव्हा वारा ११० ते १२० च्या घरात होता. अशा वाऱ्यात ४०-४५ फुटी बोटीची ओढ लाटांच्या झटक्यांसह दोन टनांच्या पुढे धरावी लागते. ‘दर वर्षी इथेच बांधतो, कधी काही झाले नाही’ हे म्हणणे म्हणूनच वादळात कामाचे नाही.

दुसरी गोष्ट दोराच्या लांबीची. नांगर धरतो तो ओढ आडवी असली तर. ओढ वर गेली की तो उपटतो. आमच्याकडे बोटी उभ्या राहतात तिथे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ४ मीटर पाणी धरा. उधाणाच्या भरतीने त्यात अडीच मीटर वाढतात. वादळात हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्राचे पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगते, शिवाय वारा ते पाणी खाडीत लोटतो. त्याचा १ मीटर धरा. नाळ पाण्यापासून दीड मीटर वर. बेरीज ९ मीटर. वादळात याच्या किमान सातपट, शक्य तर दहापट साखळी-दोर सोडावा लागतो. नऊ साती त्रेसष्ट. आपली माणसे सुकतीचे पाणी पाहून २५ मीटर सोडतात आणि भरतीला, ऐन वाऱ्यात, दोराची ओढ वर जाते.

पण ६३ मीटर दोर सोडला तर बोट फिरायला दीडशे मीटर व्यासाचे रिंगण हवे. शे-दोनशे बोटींना एवढी जागा कुठल्याच खाडीत नाही, आणि मधून फेरीबोटीचा रस्ता मोकळा ठेवावा लागतो. म्हणून टंडेलांना दोष देऊन काही होणार नाही. बोटीने आपापला नांगर टाकून वादळ काढायचे, ही पद्धतच गर्दीच्या खाडीत चालत नाही. तिथे तळाशी कायमची बांधणी हवी.

कायमची बांधणी म्हणजे नुसता सिमेंटचा ठोकळा नव्हे, हेही सांगायला हवे. ठोकळा टाकून फोटो काढणे सोपे असते. सिमेंटचा एक टनाचा ठोकळा पाण्यात गेला की त्याचे वजन सुमारे ५७० किलोच उरते. बाकीचे पाणीच उचलून धरते. दोन टनांच्या ओढीला तो पुरा पडणार नाही, ओढल्यासरशी तळावरून सरकेल. लोखंडाचे वजन पाण्यात इतके घटत नाही, पण महाग पडते. गाळाच्या तळाला सर्वांत चांगले म्हणजे स्क्रूसारखे फिरवून खोल बसवायचे नांगर. वजनाने हलके, पण गाळ आणि त्याखालची घट्ट माती त्यांना धरून ठेवते. ते बसवायला यंत्र आणि पाणबुड्या लागतो, एकट्या मच्छीमाराला परवडत नाही. ठोकळेच टाकायचे तर पसरट, खालून खोलगट करावेत म्हणजे ते गाळात बसून चिकटतात, आणि टाकून लगेच बोट बांधू नये, रुतायला एक पावसाळा द्यावा.

अरुंद खाडीत आणि फिरत्या वाऱ्यात मला तीन पायांची बांधणी पटते. तीन नांगर सारख्या अंतरावर, तीन दिशांना. त्यांच्या तीन जाड साखळ्या मध्यभागी एका कडीत येतात. त्या कडीवर गरगर फिरणारा स्विव्हल, त्यावर एकच साखळी, ती वर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत. वारा कुठूनही आला तरी एक किंवा दोन पाय ओढ घेतात, नांगर उलटा व्हायचा प्रश्नच राहत नाही आणि बोट थोड्या जागेत फिरते. बोयापासून बोटीपर्यंत दोन नायलॉनचे दोर हवेत, एकापेक्षा दुसरा थोडा लांब, म्हणजे पहिला तुटला तरच दुसऱ्यावर भार येईल. नायलॉनच हवे, कारण ते ताणते आणि लाटेचा झटका पिते. तरंगणारा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा, दोर स्वस्त पडतो, पण तो फारसा ताणत नाही, उन्हाने वाळून चुरतो आणि पाण्यावर पसरून दुसऱ्याच्या पंख्यात जातो.

दोराला गाठ मारू नये. गाठीने दोराची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पेड उलगडून ते दोरातच परत गुंफून केलेला फास नव्वद टक्के ताकद राखतो, आणि फासाच्या आत थिंबल, म्हणजे खोबणीची लोखंडी कडी, बसवले की घासणी थांबते. आमच्या लहानपणी काथ्याचा दोर असा गुंफता न येणारा मुलगा कोणी बोटीवर घेत नसे. आज वीस-पंचविशीतल्या पोरांना जाळे शिवता येते, दोर गुंफता येत नाही. शॅकलची, म्हणजे साखळी जोडायच्या कडीची, पिन पक्क्या तारेने बांधून टाकावी. न बांधलेली पिन साखळीच्या हलण्याने आपोआप सुटते. साखळीला मुलामा जस्ताचा आणि शॅकल स्टेनलेस असे मिश्रण खाऱ्या पाण्यात करू नये. जस्त आधी खाल्ले जाते, मग साखळी.

दोर ज्याला बांधतो तो बोटीवरचा खुंटही तपासला पाहिजे. बांधणी दोन टन धरेल, दोर धरेल, आणि खुंट फळीसकट उखडून येईल, असे होते. खुंट नुसता डेकच्या फळीला बोल्ट केलेला नसावा. खाली लाकडाची जाड फळी किंवा लोखंडाचा जाड पत्रा देऊन वाशांना जोडलेला असावा. आणि वादळाआधी बोटीवरची ताडपत्री, जाळ्यांचे ढीग, रिकामी पिंपे, बावट्याच्या काठ्या, सगळे उतरवावे. वारा जे धरतो ते आधी काढायचे.

हे सगळे एकदा करून भागत नाही. साखळी जिथे तळावर टेकते आणि लाटेबरोबर उचलते-पडते, त्या दोन-तीन हात लांबीत ती सगळ्यात जास्त झिजते. वरून पाहिले तर साखळी नवीकोरी, आणि तेवढ्या भागात कड्या वाळलेल्या काडीसारख्या. कडीची जाडी एक तृतीयांश गेली की ती साखळी बाद करावी. त्यात शिंपले आणि कालवे इतकी धरतात की खरवडल्याशिवाय झीज दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी खूप खाली जाते. उथळ जागेतली तपासणी त्या वेळी होडीतूनच होऊ शकते. खोल जागेत पाणबुड्या लागेल. वर्षातून दोनदा करावी : एप्रिलमध्ये एकदा, आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर लागायच्या आत एकदा.

हे सगळे मी हाँगकाँगला पाहिले आहे. जहाज तिथे लागले की उतरून मी लहान बोटींच्या आसऱ्याची जागा बघायला जात असे. त्या शहराने लहान बोटींसाठी कॉजवे बे इथे तुफानाचा आसरा १८८३ मध्ये बांधला. १९०६ च्या तुफानात हाँगकाँगमध्ये हजारो माणसे बुडाली, बहुतेक बोटींवर राहणारी. त्यानंतर याऊ मा तेई इथे आणखी एक मोठा आसरा बांधला, तो १९१५ मध्ये पुरा झाला. समुद्रात दगडी बांध घालून त्यांनी शांत पाणी तयार केले. आपल्याला तेवढेही करायचे नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आणि देवगडचे बंदर निसर्गाने तयारच दिले आहे. देवगडला तर वादळात गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूच्या बोटी येऊन थांबतात. पाणी शांत करायचे काम झालेले आहे. राहिले आहे ते तळाशी पकड देण्याचे.

माझी मागणी महाराष्ट्र सागरी मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभाग या दोघांकडे आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्या खाड्यांत बोटी आसऱ्याला येतात, त्या प्रत्येक खाडीत आधी तळाची पाहणी करावी, कुठे गाळ, कुठे खडक, कुठे किती खोली. नैऋत्येच्या वाऱ्याला आड मिळणारी जागा बोयांनी आखून द्यावी आणि जहाजांचा आणि फेरीबोटींचा रस्ता त्यातून वगळावा. तिथे क्रमांक घातलेल्या कायमच्या बांधण्या टाकाव्यात. कोणत्या बांधणीला किती फुटी बोट, हे बोयावर रंगवावे. देखभाल गावच्या मच्छीमार सोसायटीकडे द्यावी, आणि तपासणीची नोंदवही जेटीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी. बाहेरगावची बोट आसऱ्याला आली तर तिला क्रमांक कोण देणार, हे वादळ येण्याआधी ठरलेले असावे. आज तो निर्णय जेटीवर आरडाओरडा करून होतो आणि जो आधी आला तो जिंकतो. चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून किनाऱ्यावर माणसांसाठी निवारे आणि जमिनीखालून वीजवाहिन्या अशी कामे घेतली गेली. ती हवीच होती. तशा कामांच्या शेजारी या कामालाही जागा मिळावी. आंजर्ल्यासारख्या खाड्यांच्या मुखाशी साचलेली रेती काढणे हे वेगळे आणि जुने दुखणे आहे, त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. एवढेच म्हणतो की आत शिरताना बोट रेतीवर बसणार असेल तर आतल्या बांधणीचा उपयोग नाही.

मोठे काम व्हायला वर्षे लागतील. बोटवाल्यांनी तोवर थांबू नये. या हंगामात प्रत्येकाने नांगराला निदान २० मीटर लांबीची जाड साखळी लावावी, दोराआधी. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते, हलक्या दोराने राहत नाही. गाळाच्या खाडीत चार नख्यांच्या नांगराऐवजी रुंद पात्यांचा नांगर ठेवावा. दोन नांगर टाकायचे तर दोन वेगळ्या दिशांना, एक आग्नेयेचा वारा धरणारा आणि दुसरा, जास्त जड, नैऋत्येचा. घोळका करून बांधायचेच असेल तर तीन बोटींच्या पुढे जाऊ नये, आणि प्रत्येक बोटीचा नांगर पाण्यात असावा. दोन घोळक्यांत सुकतीच्या आणि भरतीच्या दोन्ही वेळी अंतर राहते ना, हे वाऱ्याआधी एकदा पाहून घ्यावे. इंजिनाच्या बॅटऱ्या भरलेल्या, पाणी उपसायचा पंप आपोआप चालणारा, झाकणे बंद. आणि तीन नंबरचा बावटा चढला की पोरांना किनाऱ्यावर घ्यावे, चार नंबरची वाट पाहू नये.

दोर गुंफणे, थिंबल बसवणे, शॅकलला तार बांधणे, हे मी शिकवायला तयार आहे. वयामुळे खाडीत उतरणे जमत नाही, पण हात अजून चालतात. आमच्या जेटीवर रविवारी सकाळी काही मुले येतात, त्यांना दाखवतो. दाभोळ, वेलदूर, हर्णै किंवा आणखी कुठल्या सोसायटीने बोलावले तर एसटीने येईन. मानधन नको. फक्त प्रत्येक मुलाने तीन पेडी दोराचा दोन हात तुकडा आणि पेड उलगडायचा टोच्या घेऊन यावे, आणि शक्य असेल त्याने आपल्या बोटीवरची जुनी शॅकल सोबत आणावी, म्हणजे कोणती ठेवायची आणि कोणती भंगारात द्यायची ते तिथेच बघता येईल.

आपला,
एक निवृत्त सारंग
दाभोळ खाडीकाठ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी